सात पावलं आत

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माझं दुकानात लक्ष लागत नाही. जुन्नरला कचेरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स निम्मी आणि लोकांना अर्ज लिहून देणं निम्मं. या दिवसांत येणारं गिऱ्हाईक बरंचसं बांधाचं असतं. पीक उभं असेपर्यंत बांध दिसत नाही, त्यामुळे भांडणही दिसत नाही. गहू निघाला, कांदा चाळीत गेला, रान मोकळं झालं, की माणसांना एकदम आपापल्या हद्दी आठवतात. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एखादा म्हातारा काउंटरवर कोपर टेकतो आणि म्हणतो, "बाई, मोजणीचा अर्ज ल्ह्या. शेजाऱ्यानं बांध कोरलाय." मी विचारते, किती कोरला. कुणी वीत दाखवतं, कुणी दोन्ही हात पसरतं. मी लिहिते, सही घेते, आणि माणूस गेला की उगाच उठून पाणी पिऊन येते. चार वर्षं झाली, तहान नसताना हे पाणी पिणं चाललंय.

पिंपरी पेंढारला माझं माहेर. वैशाखात तिथलं रान बघावं. कांदा उपटून गेलेला असतो, पण वास जात नाही. वाळलेली पात वाऱ्यावर वावरभर सरपटत असते, तिचा करकर आवाज येतो. एखादा चुकलेला कांदा पायाखाली येतो आणि पचकन फुटतो. ट्रॅक्टर फिरला की डोक्याएवढी ढेकळं पडतात, आणि त्यांच्यावरून चालताना घोटा कधी मुरगळेल सांगता येत नाही. दुपारी वावटळी उठतात, पातीचा कचरा गरगर वर नेतात आणि शेजारच्या वावरात टाकून देतात. वाऱ्याला बांध समजत नाही. लहानपणी मला हे सगळं फार आवडायचं. आता आवडतं का, हे मी स्वतःला विचारायचं टाळते.

चार वर्षांपूर्वी अशाच दिवसांत माझ्या भावजयीच्या, सुरेखाच्या मंगळसूत्राची एक वाटी हरवली. कांदे उपटताना दोरा तुटला. मणी सापडले, एक वाटी सापडली, दुसरी गेली. सुरेखानं दोन दिवस जेवण टाकलं. माझा धाकटा भाऊ संतोष तसा तापट, पण बायकोचे डोळे सुजलेले त्याला बघवत नाहीत. त्यानं मोबाईलवरून जमिनीतला धातू शोधायचं यंत्र मागवलं. लांब दांडा, खाली ताटलीसारखं चाक, कानाला लावायचा हेडफोन. घरात सगळे त्याला नुसतं 'मशीन' म्हणत. मी दुकान बंद ठेवून गेले होते, मदतीला म्हणून. खरं तर मशीन बघायला.

त्या आठवड्यात आमच्या वावरानं काय काय बाहेर काढलं. रोटाव्हेटरचे तुटके दात, बाटल्यांची बुचं, चपटी झालेली बॅटरी, गुटख्याच्या पुड्या तर विचारू नका. बैलाच्या खुराच्या पत्र्या निघाल्या, गंजून बिस्किटासारख्या झालेल्या. एक घुंगरू निघालं. ते मी झटकून कानाशी हलवलं, आत माती होती, वाजलं नाही. पण मला कळलं ते कुणाचं. आमच्या पवळ्या बैलाच्या गळ्यातलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना नांगरटीला पवळ्याचा कासरा माझ्या हातात असायचा. मी पुढे, बैल मागे, नांगरावर आण्णा. आण्णा म्हणजे आमचे वडील. बांधाजवळचं तास, म्हणजे नांगराची ओळ, आलं की आण्णा मागून म्हणायचे, "बांधाला चिकटून चल गं, पोरी." मी इतकी चिकटून चालायचे की उजव्या पायाला बांधावरची हराळी लागायची. "आमच्या पोरीसारखं तास गावात कुणी घेत न्हाई," असं आण्णा घरी येऊन आईला सांगायचे. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर फुलून असायची.

पाचव्या दिवशी मशीन जोरात वाजलं. एरवी ते कुईकुई करायचं, या वेळी त्यानं एकच लांब सूर धरला. जागा वावराच्या पार मध्ये नव्हती, बांधालाही नव्हती. संतोषनं टिकावानं उकरलं. हातभर खाली फुटक्या तोंडाचं एक मातीचं बोळकं निघालं. आत पाच रुपये. चांदीचे, राणीछाप, काळेठिक्कर पडलेले. सुरेखा वाटी विसरली. तिनं तिथल्या तिथं ओच्याला घासून एक नाणं बघितलं, राणीचा मुकुट चमकला. एका नाण्यावर राणीच्या गालावरून सरळ ओरखडा गेला होता, नांगराच्या फाळाचा असणार. संतोष हसत सुटला होता. "ताई, बंदे रुपये. पणज्याचं धन घावलं," म्हणाला, आणि लगेच आवाज खाली आणून, "पर कुणाला बोलू नगा. गावात कळलं तर सरकारजमा व्हईल."

आण्णा लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. सुरेखानं ओंजळीत नाणी नेऊन दाखवली. त्यांनी नाण्यांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "खाली कोळसा हाय का?"

मी परत गेले, खड्ड्यात हात घातला. बोळक्याच्या खाली चांगले दोन मुठी कोळसे होते. काळेकुळकुळीत, जणू काल चुलीतून काढलेले. मी ते हातावर घेऊन आले. आण्णांनी एक कोळसा उचलला, बोटांत फिरवला, आणि म्हणाले, "उन्हं लई झाली. घरला चला." जेवताना संतोष नाण्यांची पैंजणं करायची की देवाचा टाक, यावर सुरेखाशी बोलत होता. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावराकडे गेले तर आण्णा काठी टेकत खड्ड्यापासून बांधाकडे चालले होते. ओठ हलत होते. बांधाला पोचल्यावर म्हणाले, "सात." मग माझ्याकडे वळून न बघताच सगळं सांगितलं. पूर्वी दोन वावरांची हद्द ठरली की पाच पंच बांधावर जमायचे. खड्डा घेऊन त्यात कोळसा घालायचा, कारण कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. वर बोळकं, त्यात प्रत्येक पंचानं आपल्या हातानं एक रुपया टाकायचा, म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की ही कुणाची तरी जुनी चूल होती. आणि त्याच्यावर हद्दीचा दगड. "दगड हलतो," आण्णा म्हणाले. "खालचं हलत न्हाई. ह्यो पैका नव्हं. ह्ये साक्षीदार हायेत."

दगड सात पावलं पलीकडे होता, आताच्या बांधावर. पलीकडचं वावर ठकूमावशीचं.

ठकूमावशीचं माहेर आंबेगावकडचं, सासर आमच्या गावचं. तिच्या घरची मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळा कुटुंबकबिला मेंढरं घेऊन माळशेज उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. त्यांचं वावर तेवढे महिने मोकळं पडलेलं. उतरायच्या आधी दोन-तीन दिवस त्यांची मेंढरं आमच्या वावरात बसायची, खतासाठी. लेंड्यांचा तो उबदार वास मला अजून येतो. ठकूमावशी जाताना घराची किल्ली आमच्या आईकडे द्यायची आणि आण्णांना म्हणायची, "भाऊ, रानावर ध्यान ठिवा." आण्णा मान हलवायचे. ध्यान ठेवायचे ते खरंच. तिच्या आंब्याला कुणाला हात लावू देत नसत. आणि नांगरट आली की मला म्हणत, बांधाला चिकटून चल.

"एकदम न्हाई झालं," आण्णा म्हणाले. "कधी बोटभर, कधी वीतभर. माझ्या बापानं केलं, मग मी केलं. एक साल बांध ढासळला, दगड पडला. उचलून नीट लावला. लावताना जरा तिकडं लावला." मग काठी उचलून, "संतोषला नगं सांगू. त्याचं पाइप, ठिबक समदं ह्याच पट्ट्यात हाय."

मला आण्णांचा राग आला होता का? आला होता. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. उजव्या पायाला हराळी लागायची ती कुणाची हराळी होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं, आणि पाय तेच होते.

मी आण्णांना काही बोलले नाही. वाट बघितली. वाटलं, हा माणूस बोलेल. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, दुसऱ्यांची भांडणं सोडवायला लोक त्यांना न्यायचे. आण्णांनी एवढंच केलं की नाणी मोडू दिली नाहीत. सुरेखानं चिंचेनं घासून लख्ख केली आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. आणि दुसरं, त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची लिंबाखालून हलवली. विहिरीच्या काठापासून पावलं मोजून ते खड्ड्याच्या जागी खुर्ची ठेवायला लावत आणि तिथं बसत. तिथं सावली नव्हती. ट्रॅक्टर आला की उठून बाजूला होत, नांगर फिरून गेला की पुन्हा मोजून तिथंच बसत. नातवंडं म्हणायची, आजोबांना ऊन आवडतं. पुढचे तीन उन्हाळे ते असे बसले. बांध होता तिथंच राहिला.

मी जुन्नरहून फोन करायची तेव्हा इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या. कांद्याचं काय, पाण्याचं काय, बिबट्या कुणाच्या उसात दिसला.  ते संपलं की मी मनात म्हणायची, आता बोलतील. "ठिवतो मग," असं म्हणून आण्णा फोन ठेवायचे. काउंटरवर बांधाचे अर्ज लिहिताना माझं अक्षर बिघडायला लागलं. एका म्हाताऱ्याच्या अर्जात मी शेजाऱ्याच्या जागी चुकून आमचं आडनाव लिहिलं. त्याला कळायच्या आत कागद फाडला.

आण्णा गेल्या वर्षी भर पावसात गेले. दहाव्याला ठकूमावशी आली. पाठीत वाकलेली, मेंढरं केव्हाच विकून झालेली. तिचा मुलगा बिरा तेच वावर कसतो. ते आता इतकं अरुंद आहे की ट्रॅक्टर वळवायला त्याला आमच्या वावरात चाक घालावं लागतं, आणि दरवेळी तो संतोषला विचारतो, "भाऊ, वळवून घेऊ का?" संतोष उदारपणे हो म्हणतो. ठकूमावशी माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "तुझा बाप लई उन्हात बसायचा गं. मला आमच्या दारातनं दिसायचं."

मी तिच्याकडे बघितलं.

"सासूनं दाखिवली व्हती जागा," ती म्हणाली. "हिरीपासून पावलं मोजून. तुमच्याकडं कांदं काढाया मजुरीला यायचे ना मी, तवा तिथं आले की पाय जपून टाकायचे. साक्षीदार हायेत म्हणून." मग म्हणाली, "तुझा बाप तिथं बसाया लागला तवा म्हनलं, आता ह्यो उठंल आन् माझ्या दारात यील. रोज बगायचे. न्हाई आला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा घेतला. मला वाटलं, हिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदाच्या आखितीला मी गेले ते असं सगळं पोटात घेऊन. आखितीला आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला मातीचा करा ठेवतात. आण्णांच्या नावाचा हा पहिला करा. सुरेखानं त्यावर आंबा ठेवला, पुरणपोळी केली. जेवणं झाल्यावर संतोषनं एक पिशवी पुढे ठेवली. पिशवीत जांभळी साडी आणि साडीखाली कागद. हक्कसोड. बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, सही करायची, साडी नेसायची आणि माहेर राखायचं, अशी आमच्याकडची रीत. असे कागद मी शेकड्यानं टाईप केलेत. संतोषनं मात्र तो दुसऱ्या दुकानातून टाईप करून आणला होता. लाजला असणार. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या मी आधी पेननं दुरुस्त केल्या.

मग पेनाला टोपण लावलं. "संतोष, मला साडी नको," मी म्हटलं. "माझ्या वाट्यातली मला सात पावलं दे. बाकी सगळं तुझं."

त्याला समजेना. मी देव्हाऱ्याकडे बोट केलं आणि आण्णांनी सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं सांगितलं. कासऱ्याचंही सांगितलं. संतोषचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"पाच गुंठं जातील, ताई."

"जातील."

"आन् पाइप? ठिबक?"

"उचलून अलीकडं घेऊ. खर्च मी देते."

"पाच गुंठ्याचं न्हाई गं." त्याचा आवाज फाटला. "आण्णा गेले त्याला वरीस न्हाई झालं. गाव काय म्हनंल? ज्या मान्सानं गावाची भांडणं मिटवली त्यानं बांध कोरला व्हता? तू बापाला चोर म्हनाया आलीस व्हय आज, त्याच्या कऱ्याम्होरं?"

 हीच गोष्ट मला चार वर्षं बोलू देत नव्हती. आण्णांना मी चोर म्हणू शकत नाही आणि दुसरा कुठला शब्दही मला सापडत नाही. मी एवढंच म्हटलं, "ते तीन उन्हाळे तिथं बसले होते, संतोष. त्यांना उठता आलं नाही. आपण उठू."

सुरेखा दारात उभी होती. ती कधी मध्ये बोलत नाही. "वन्सं," ती मला म्हणाली, पण बघत होती नवऱ्याकडे. "माझ्या वाटीपायी मशीन आलं. चार वरसं मी त्या पाचांना हळद-कुंकू वाहते. आता म्हाईत झाल्यावं मला हात जोडवायचे न्हाईत." संतोष चपला घालून बाहेर गेला. कागद आणि साडी तशीच जमिनीवर राहिली. दुपारभर आम्ही दोघी भांडी घासत, डबे पुसत, काही ना काही करत राहिलो. माझं माहेर आज तुटलं, असं मी धरूनच चालले होते. एसटीच्या वेळाही मनात मोजून झाल्या होत्या.

उन्हं कलली तेव्हा मी वावराकडे गेले. संतोष आण्णांच्या खुर्चीवर बसला होता. त्याच जागी. मला बघून उठला आणि बांधाकडे चालायला लागला. बांधाला पोचून म्हणाला, "साडेसहाच भरत्यात."

"तुझी टांग लांब आहे. आण्णांची पावलं धर."

तो परत खुर्चीपाशी आला. मग त्यानं पाठीत जरा बाक काढला, हातात नसलेली काठी टेकल्यासारखा हात पुढे घेतला, आणि आण्णांसारखा चालत गेला. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तोही रडत होता. "सात," तो म्हणाला.

दोन दिवसांनी ट्रॅक्टर यायचा होता. त्याआधी सकाळी आम्ही आण्णांच्या खुर्चीच्या जागी खड्डा घेतला. जुने कोळसे खड्डा काढला तेव्हाच मातीत मिसळून गेले होते, आणि नवे आणायचे कुठून हा प्रश्न पडला. आमच्याकडे गॅस, शेजारी गॅस, गावात चूल एखाद्याकडेच उरलेली. संतोष ठकूमावशीकडे गेला. आत किती वेळ होता, काय बोलला, ते मी विचारलं नाही. बाहेर आला तेव्हा बिरा त्याच्याबरोबर होता, आणि मागून ठकूमावशी, पदरात आपल्या चुलीतले कोळसे बांधून. पंच कुणाला बोलवायचं यावरून जरा अडलं. मग ठकूमावशीच म्हणाली, "आपुन पाच हाय की." मोजलं तर खरंच पाच होतो. मी, संतोष, सुरेखा, बिरा आणि ती.

कोळसे घातले. सुरेखानं स्वयंपाकघरातलं लोणच्याचं बोळकं आणलं होतं. प्रत्येकानं आपल्या हातानं एक रुपया टाकला. ओरखड्याचा रुपया मी घेतला होता.  बिरा फावडं घेऊन उभा होता. संतोषनं खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "मावशे, आजून खोल घेऊ का? आता फाळ लई खोल जातो."

ठकूमावशीनं खड्ड्याच्या काठावर बसून आत हात घातला, कोपरापर्यंत. मग हात बाहेर काढून झटकला.

"एवढंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घावाया पायजे."